आंद्रोच्या नावावरचे दोन तास

माझ्या लेकीने, लोरेटाने घातलेली अट अगदी साधी होती. डॅडी आणखी एकदा हरवले, तर ते कुलूपवाल्या घरात जाणार. त्या घराला नाव छान गोड दिलंय, मॅग्नोलिया अमुक तमुक. दारात झुलत्या खुर्च्या आहेत, खिडक्यांत फुलं आहेत. पण मी स्वतः जाऊन बघून आले होते. तिथे प्रत्येक दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे, आणि ते आकडे आत राहणाऱ्यांना सांगत नाहीत. म्हणून माझ्यापुरतं ते कुलूपवालं घर.

माझा नवरा आंद्रो तीन वर्षांपासून सगळं विसरत चालला होता आणि तोवर दोनदा हरवलाही होता. पहिल्यांदा तो दुकानाच्या पार्किंगमध्ये सापडला, भलत्याच कुणाच्या गाडीत बसून माझी वाट बघत. दुसऱ्यांदा तीन गल्ल्या पलीकडे, एका अनोळखी माणसाच्या अंगणात त्याच्या कुत्र्याला पाणी पाजताना. लोरेटा आमची एकुलती एक. शाळेच्या खानावळीत रोज चारशे पोरांना जेवू घालते, त्यामुळे हट्टी माणसांची तिला सवय आहे. तिने मला समोर बसवून सांगितलं, की तिसऱ्या वेळी माझं रडणं ती ऐकून घेणार नाही. मीही ठसक्यात सांगितलं, की तिसरी वेळ येणारच नाही. एकोणपन्नास वर्षं एका अंथरुणावर झोपल्यावर माणसाला आकड्यांच्या कुलपामागे ठेवून घरी यायचं, जेवायचं आणि टीव्ही लावायचा, हे मला जमणार नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याला घेऊन कॅसिनोत कशाला तडफडलीस, बाई? लोरेटानेही हेच विचारलं होतं.

आमच्या चर्चची म्हाताऱ्यांची बस महिन्यातून एकदा हॅटिसबर्गहून बिलॉक्सीला जाते. सकाळी निघायचं, दुपारी भरपेट जेवायचं, जुगाराच्या मशीनवर बसायचं आणि संध्याकाळी परत. मध्ये दीपगृह नाहीतर एखादं संग्रहालय दाखवतात, म्हणजे फादरना तिला सहल म्हणता येतं. मी लोरेटाला सांगितलं की तिथे डॅडी शांत होतात, आणि ते खोटं नव्हतं. घरी तो दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारतो. मशीनसमोर मात्र दिवे बघत गप्प बसतो, मी म्हटलं की बटण दाबतो. शिवाय बस चालवणारी क्लोटिल्ड डोकी मोजण्यात मोठी पक्की आहे. शेवटी लोरेटा कबूल झाली. म्हणाली, त्यांच्यावरून नजर काढायची नाही. मी म्हटलं, पोरी, तीन वर्षांत काढली नाही, ती आज काढीन होय?

दुसरं कारण मी तिला सांगितलंच नाही. बिलॉक्सी आमचं आहे. आंद्रोने चाळीस वर्षं इथल्या खाडीत कोळंबी पकडली, आणि कारखाना बंद पडेपर्यंत मी ती उभ्याने सोलली. आमचे आजे एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरून इथे आले ते याच कामासाठी. मग ते वादळ आलं आणि आमचं घर घेऊन गेलं. उरल्या फक्त दारापुढच्या तीन पायऱ्या. आम्ही लोरेटाजवळ राहायला गेलो, समुद्रापासून सत्तर मैल आत, जिथल्या वाऱ्याला कसलाच वास नाही. बंदराला लागून आता सिल्व्हर पेलिकन हे कॅसिनो उभं आहे. बावीस मजले, आत कारंजं, पोहायचा तलाव, मोत्यांचं दुकान. माझी काही तक्रार नाही. जन्मभर उभं राहिल्यावर तिथे मला मऊ खुर्ची मिळते.

तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड देतात. त्याला गुंडाळीची दोरी असते, तिचा चिमटा कपड्याला लावायचा आणि कार्ड मशीनमध्ये खुपसायचं. तुम्ही किती खेळलात त्याचे गुण त्यात जमा होत जातात, आणि त्या हिशेबाने कधी फुकट जेवण, कधी फुकट खोली मिळते. आम्हा दोघांची दोन कार्डं आहेत. पण बसमधली सगळी जोडपी करतात तेच आम्हीही करतो, दोघांचं सगळं एकाच कार्डावर चढवतो. तसं करायचं नसतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. आमचं मोठं कार्ड आंद्रोचं. समुद्राकडची खोली दोन दिवस फुकट मिळायला त्यावर थोडेसेच गुण कमी होते. सकाळी डोळे उघडल्यावर त्याला पलंगावरून पाणी दिसावं, एवढाच माझा लोभ होता.

त्या दिवशी जेवणं झाली. आंद्रोने गम्बोतली, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबीच्या कालवणातली, भेंडी नेहमीसारखी वेचून ताटाच्या कडेला लावली. मी त्याची हनुवटी पुसली, त्याला खांबाजवळच्या गव्यांच्या मशीनपाशी नेलं आणि माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसवलं. त्याचं कार्ड माझ्या मशीनमध्ये घातलं. चार-सहा वेळा त्याचा हात धरून बटण दाबवलं. मग पडद्यावर गवे यायला लागले. एक आला, दोन आले, अख्खा कळप धुरळा उडवत आला. घंटा वाजायला लागल्या. कुणीतरी माझ्या हातात कॉफी ठेवून गेलं. मोठी रक्कम वगैरे काही नव्हती, मी पैशा-पैशाने खेळणारी बाई. पण मशीन मला सोडत नव्हतं आणि मीही त्याला सोडत नव्हते.

कधीतरी मी डावीकडे वळून म्हटलं, "बघ रे, आंद्रो." खुर्चीत गुलाबी नखांची एक बाई बसली होती.

मी तिला विचारलं, इथला माणूस कुठे गेला? ती म्हणाली, मी आले तेव्हा खुर्ची रिकामीच होती, मला येऊनही बराच वेळ झाला. बराच म्हणजे किती, ते तिला सांगता येईना. कॅसिनोत घड्याळ नसतं, खिडकी नसते. मी मनाशी ठरवलं, पाच मिनिटं. फार तर दहा.

उठले. पुरुषांच्या संडासाबाहेर उभी राहिले आणि आत जाणाऱ्या एका माणसाला त्याच्या नावाने हाक मारायला सांगितलं. जेवणाच्या दालनात जाऊन प्रत्येक पांढरं डोकं पुढून बघून आले. कारंजं, मोत्यांचं दुकान, लिफ्ट, सगळं झालं. मी धावत नव्हते, कारण धावणारी म्हातारी लगेच लोकांच्या नजरेत भरते. एका ओळीत क्लोटिल्ड दिसली. तिची पाठ माझ्याकडे होती. मी दुसऱ्या ओळीतून निघून गेले. क्लोटिल्डला कळलं की लोरेटाला कळलं, आणि लोरेटाला कळलं की संपलं.

मग मला कार्डाच्या खिडकीची आठवण झाली. कार्ड कुठल्या मशीनमध्ये आहे ते तिथल्या मुलींना बसल्या जागी दिसतं. त्याचा नवरा सापडला, तिची बहीण सापडली, असं बसमध्ये नेहमी ऐकायला मिळतं. खिडकीत शनीस नावाची हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. मी नाव सांगितलं. तिने बोटं चालवली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"काही काळजी करू नका, मिस फिलोमेना. मिस्टर आंद्रो मजेत खेळतायत. चौदावी ओळ, गव्यांचं मशीन. एक वीसला बसलेत ते उठलेच नाहीत बघा."

मी विचारलं, "आता किती वाजले, गं?"

"तीन वीस, मॅम."

माझा हात ब्लाउजकडे गेला. दोरी नव्हती. मी घाईत उठले होते आणि कार्ड मशीनमध्येच राहिलं होतं. तो पडदा आंद्रोबद्दल काहीच सांगत नव्हता, सगळं सांगत होता ते माझ्याबद्दल. एक वीसला मी बसले होते आणि दोन तास मी मान वळवली नव्हती. तो पहिल्या पाच मिनिटांत उठला असेल, नाहीतर पहिल्या तासाअखेर. मला कळायला मार्गच नव्हता. मी खिडकीची कड घट्ट धरून ठेवली. शनीस विचारत होती, मॅम, पाणी देऊ का?

तिने पहारेकऱ्याला बोलावलं. मिस्टर गेन्स नावाचा उंच, मऊ बोलणारा माणूस. तो मला घेऊन चौदाव्या ओळीत गेला. मशीनमध्ये आंद्रोचं कार्ड होतं, बाजूला माझी अर्धी कॉफी होती. त्याने कप हाताने चाचपला आणि म्हणाला की अजून कोमट आहे, म्हणजे साहेब आत्ताच उठलेत. वय झालं की माणसाला आत जरा वेळ लागतो, म्हणाला. त्याने बिनतारी यंत्रावर बोलून माणसांना आसपासचे संडास बघायला सांगितलं. वरच्या कॅमेऱ्यावाल्यांना सांगितलं, तीन वाजल्यापासूनची दारांची चित्रं बघा.

तिथे मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. तो मी होते, मिस्टर गेन्स, एकपासून बघा. मी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, की तो कदाचित बाहेर गेला असेल. गेन्स म्हणाला, आत्ता तर इथे होते, मॅम, जाऊन जाऊन कुठे जातील? त्यांना काही आजार आहे का? मी म्हटलं, थोडं विसरतो. एवढंच म्हटलं. थोडं विसरतो. ज्या माणसाला आपला बूट कुठल्या पायात जातो ते कळत नाही, त्याच्याबद्दल मी असं बोलले, कारण कार्डाची गोष्ट बाहेर आली की लोरेटाच्या कानावर जाणार आणि त्या कुलपाचे आकडे माझ्यासमोर दाबले जाणार. मला नवरा हवा होता, आणि त्यासाठी मी त्याला शोधणाऱ्या माणसांना चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी शोधायला लावलं. याला काय म्हणायचं ते म्हणा. मी स्वतःला जे म्हणते ते इथे लिहिण्याजोगं नाही.

एवढ्यात क्लोटिल्ड आलीच. पहारेकरी बघून ती आली होती. मी तिचा हात धरीपर्यंत तिने लोरेटाला फोन लावलाही होता.

मी सरळ दाराबाहेर पडले. बाहेरचं ऊन तोंडावर आदळलं. आत तीन वाजलेत की नऊ ते कळत नाही, बाहेर सगळं पांढरंफटक. समोर सहा पदरी रस्ता, पलीकडे वाळू आणि पाणी. मी गाड्यांच्या खाली, कडेला, दुभाजकावर बघत होते. एका कॅसिनोतून दुसऱ्या कॅसिनोत फिरणारी ट्रॉली आली, तिच्यात चढले. वाटलं, तो घरी गेला असेल. आमच्या जुन्या घरी, पॉइंट म्हणतात त्या वस्तीत.

ट्रॉलीत प्रवासी होते, गळ्यात कार्डं, हातात शीतपेयं. ड्रायव्हर माइकवरून सांगत होता, उजवीकडे जुनं चर्च, डावीकडे होड्यांचं संग्रहालय, इथे फोटो छान येतात. मी काचेला नाक लावून प्रत्येक माणूस बघत होते. एक बाई मला म्हणाली, पहिल्यांदाच आलात का?

आमच्या गल्लीत गवत गुडघाभर. तीन पायऱ्या आहेत तशा होत्या, वर काही नाही. मी हाका मारल्या. "आंद्रो, अरे आंद्रो." पायरीवर एक सरडा होता, तो पळाला. मी मागे जाऊन पाण्याच्या टाकीची जागा बघितली, अंजिराचं झाड होतं तिथे बघितलं. तिथून रस्त्यावर येईपर्यंत मला रडू फुटलं होतं आणि ते आवरायला वेळ नव्हता.

परतीच्या ट्रॉलीने दीपगृहापाशी उतरले. ते रस्त्याच्या बरोबर मध्ये उभं आहे. लोक तिकीट काढून वर चढतात. लहानपणापासून बघत आले ते दीपगृह, पण त्या दिवशी मला त्याच्या दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या गाड्याच दिसत होत्या. तिकिटाच्या बाईला विचारलं, निळा शर्ट, पांढरे केस, असा कुणी? ती नाही म्हणाली. वाळूवर उतरले. छत्र्या भाड्याने देणाऱ्याला विचारलं, पतंग उडवणाऱ्या कुटुंबाला विचारलं, मासेमारीच्या फळ्यांवर गळ टाकून बसलेल्या प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला, दोनच्या सुमारास एक म्हातारा पाण्याकडे तोंड करून उभा होता खरा, पण शर्ट आठवत नाही. मी विचारलं, मग तो कुठे गेला? नंतर बघितलं तर नव्हता, म्हणाला.

नंतर बघितलं तर नव्हता. हे वाक्य घेऊन मी बंदरापर्यंत चालत आले. मैलभर असेल. मला चाललेलं काही आठवत नाही. मी पाण्याकडे बघत चालले होते आणि प्रत्येक लाटेत निळं काहीतरी दिसत होतं.

बंदरात प्रवाशांना कोळंबी कशी धरतात ते दाखवणारी बोट सुटते. जाळं टाकतात, ओढतात, काय आलं ते हातात घेऊन दाखवतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. तिकिटाच्या खिडकीत मी विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, साडेतीनची फेरी बाहेर आहे, पण एकट्या म्हाताऱ्याला मी तिकीट दिलेलं नाही, सगळी जोडपी आणि पोरंबाळंच आहेत. ती शेवटची जागा होती. ज्या जागा बघायला लोक पैसे मोजून येतात त्या सगळ्या माझ्या तास-दीड तासात बघून झाल्या होत्या.

मी धक्क्यावरच्या बाकावर बसले, आणि तिथे एकदाचं सगळं ठरलं. तटरक्षकांना बोलवायला हवं होतं. दोन वाजता तो पाण्यापाशी असेल, तर तीन वाजल्यापासूनची चित्रं बघून काय उपयोग? गेन्सला सांगायचं, लोरेटाला सांगायचं. कुलूपवालं घर तर कुलूपवालं घर. तो कुलपाच्या आत जिवंत असू दे, मी त्या झुलत्या खुर्चीत मरेपर्यंत बसून राहीन. मी उठले आणि सिल्व्हर पेलिकनकडे वळले, तर समोरून मलाच शोधत तिघं येत होती. गेन्स, क्लोटिल्ड आणि लोरेटा. लोरेटाच्या अंगावर खानावळीचा एप्रन तसाच होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे भोंगा वाजला. बोट आत येत होती.

तिच्या मागच्या टोकाला प्रवाशांच्या घोळक्यात आंद्रो उभा होता. हातात रबरी मोजे, समोर कोळंबीचं टेबल. तो मान खाली घालून निवडत होता, छोटी इकडे, मोठी तिकडे, खेकडा पाण्यात. त्याचे हात असे चालत होते की ते थांबवायची कुणाची छाती झाली नसती. बोट धक्क्याला लागायला आली तशी कुणी न सांगता त्याने दोर उचलला, फेकला आणि खुंटाला अचूक बसवला. मी तिथल्या तिथे खाली बसले.

बोटीचे कप्तान मिस्टर लाम उतरून आमच्याकडे आले. त्यांना वाटलं होतं, ऑफिसने बदली माणूस पाठवलाय. सुटायच्या वेळी हा गृहस्थ फळीवरून आला, काही न बोलता नांगराचा दोर गुंडाळायला लागला. म्हणून त्यांनी मोजे दिले. "माझ्या माणसांपेक्षा याचा हात चांगला आहे, मॅम. फक्त बोलत नाही फारसा," ते म्हणाले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी टोपी काढली आणि तीनदा माफी मागितली.

लोरेटाने डॅडींना मिठी मारली ती सोडेचना. गेन्स बाजूला उभा होता. तो कागद बघून समजावत होता, की आमच्या नोंदीप्रमाणे साहेब तीन वीसपर्यंत मशीनवर होते, साडेतीनला बोट सुटली. म्हणजे दाराबाहेर पडून धक्क्यापर्यंत येण्याएवढाच काय तो वेळ. मॅमनी लगेच सांगितलं म्हणून बरं झालं.

लोरेटाने डोळे पुसले. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरत चालला होता. "म्हणजे दहाच मिनिटं, ममा," ती म्हणाली. "दहा मिनिटं तर कुणाचंही लक्ष जाईल. मी येताना गाडीत काय काय ठरवून आले होते." मग तिने आंद्रोला विचारलं, "डॅडी, कुठे होतात तुम्ही?"

आंद्रोने माझ्याकडे बोट केलं. "फिलोबरोबर. ही बाई मला एक मिनिट सोडते होय?"

क्लोटिल्ड हसली. गेन्सही हसला. मला फक्त गप्प राहायचं होतं. कॅसिनोचा कागद माझ्या बाजूने होता, नवरा माझ्या बाजूने होता, पोरगी विरघळली होती. सहाला बस सुटणार होती आणि आठपर्यंत तो माझ्या घरात, माझ्या शेजारी असणार होता.

पण मी जमिनीवर बसले होते आणि त्याची पँट माझ्या डोळ्यांसमोर होती. पाण्यातून आलेलं कापड वाळलं की त्यावर मिठाची पांढरी रेघ राहते. मी जन्मभर बघितलीय ती. बोटीवर पाणी उडालं तर ठिपके पडतात, रेघ पडत नाही. मी मान वर करत गेले. रेघ गुडघ्यावर नव्हती, कमरेवरही नव्हती. निळ्या शर्टाच्या खिशाच्या वर, छातीवर, सरळ आडवी होती. आणि ती पूर्ण वाळलेली होती. तो छातीभर पाण्यात जाऊन उभा होता, कधीतरी दीड-दोनच्या सुमारास, आणि कुणी न बोलावता आपला आपण परत आला होता. का गेला आणि का वळला, ते त्यालाही ठाऊक नाही आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. त्या वेळी मी गवे मोजत होते.

"लोरेटा," मी म्हटलं, "मशीनवर मी होते."

तिला कळलं नाही. मी परत सांगितलं. "डॅडींच्या कार्डावर मी खेळत होते. एक वीसपासून. ते कधी उठले ते मला माहीत नाही. त्यांच्या शर्टावर बघ."

तिने बघितलं. तीही बिलॉक्सीचीच पोर आहे, तिला रेघ वाचता येते. तिने बोट त्या पांढऱ्या रेघेवर ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. गेन्सने कागद घडी करून खिशात घातला आणि तो दोन पावलं मागे सरला.

"दोन तास?" लोरेटाने विचारलं.

"दोन तास. आणि एकदाही आठवण आली नाही, गं. तीन वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं."

हे मी का सांगितलं, कोण जाणे. तेवढं तरी पोटात ठेवता आलं असतं. लोरेटा ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. ती माझ्याजवळ खाली बसली, धक्क्याच्या त्या ओल्या फळ्यांवर. मग म्हणाली की सोमवारी ती त्या लोकांना फोन करेल, खोली अजून रिकामी आहे. मी हो म्हटलं. माझं हो एवढं पटकन निघालं की माझी मलाच शरम वाटली.

बसने आम्ही गेलो नाही. लोरेटाची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने मागचं दार उघडलं. आंद्रो आधी चढला, सरकून बसला, कोळंबीच्या वासाचे हात पँटला पुसले आणि माझी वाट बघायला लागला. मी दारापाशी उभी होते. त्याने बाहेर हात काढला, बोटीवर चढणाऱ्या माणसाला देतात तसा.

"पाय जपून ठेव, फिलो," तो म्हणाला. "मी धरलंय."

मी तो हात धरला आणि आत बसले.